गाण्याला तिकीट लावा, पिशवीला कशाला?

मंडळी, पोस्ट थोडी लांबलीय, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्याकडच्या तांड्यावरच्या बायांचा आहे.

मागच्या हिवाळ्यात ओळखीच्या एका मावशींनी एका मोठ्या शहरातल्या संगीत महोत्सवात स्टॉल घेतला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न एकाच महोत्सवाचा नाही. मावशी बंजारा भरतकाम करतात. आरसे, कवड्या, रंगीत दोरा, सगळं हातानं. सामान पोचवायला मी सोबत गेलो होतो. तीन दिवसांचं भाडं सहा हजार. पिशवी तीनशेची. म्हणजे वीस पिशव्या खपल्या तर नुसतं भाडं निघणार. कापड, दोरा अन् टेम्पो वेगळाच.

आता स्टॉल कुठं? तिकिटाच्या गेटच्या आत. सगळ्यात स्वस्त तिकीट आठशेचं.

बाहेरच्या फलकावर 'हस्तकला दालन' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. ते वाचून दोन बाया आल्या. म्हणाल्या, "गाणं नाही ऐकायचं, पिशव्या बघायच्यात फक्त." गार्ड म्हणाला, "तिकीट काढा." तीनशेच्या पिशवीसाठी आठशेचं तिकीट! हसल्या अन् निघून गेल्या.

आतल्या रसिकांना मी नावं ठेवत नाही. ते गाण्यासाठी आले होते. गाणं रंगलं की कुणी उठत नाही, उठूही नये. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, त्यातच चहा अन् बाथरूमची रांग. तीन दिवसांत अकरा पिशव्या गेल्या. हिशेब तुम्हीच करा.

आपल्या जिल्ह्यात हा तोटा निव्वळ पैशाचा नसतो. हे महोत्सव बहुतेक हिवाळ्यातच, अन् ऊसतोडीचा हंगामही तेव्हाच. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मावशींनी यंदा उचल घेतली नव्हती, सुईवर भरवसा ठेवला होता. असा फटका बसल्यावर पुढच्या वर्षी त्या काय करतील? मुकादमाकडंच जातील.

आयोजक म्हणतात, तिकीट काढणारा माणूस खर्च करणारा असतो. असेल. पण मग भाडं कशाला घेता? विक्रीतला वाटा घ्या, म्हणजे गिऱ्हाईक आणायची काळजी तुम्हालाही लागेल. दुसरं म्हणतात, सुरक्षेचा प्रश्न आहे. अहो, बॅरिकेड मंडपाला लावा, स्टॉल त्याच्या बाहेर घ्या. बाहेरून थोडं गाणं कुणाच्या कानावर पडलं तर बिघडलं काय?

हे जमत नाही असं नाही. मुंबईत काळा घोडा महोत्सव 1999 पासून होतोय. रस्त्यावरचे हस्तकलेचे स्टॉल कुणीही फिरून बघावेत, प्रवेश मोफत. अन् मुंबई कशाला? आपल्या पालीपासून हाकेच्या अंतरावर कपिलधार. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेत बांगड्यावाला, खेळणीवाला, भांडीवाला बसतो. दर्शनाला आलेलाही घेतो अन् नुसता फिरायला आलेलाही घेतो. बाजार असाच भरतो.

कधीकाळी बीडची चामड्याची छागल लांबलांब नावाजलेली होती. आज किती पोरांनी ती डोळ्यांनी बघितलीय? जी वस्तू लोकांच्या नजरेपुढून जाते, ती हातातूनही जाते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वेरूळ-अजिंठा महोत्सव आपल्या मराठवाड्याचा, सरकारी यंत्रणेचा. 2023 च्या फेब्रुवारीत तो सोनेरी महालाच्या परिसरात झाला. असा कुठलाही महोत्सव, जिथं जागा सरकारी किंवा पैसा सरकारी, तिथं एक अट घाला. हस्तकलेचे स्टॉल तिकिटाच्या गेटबाहेर, दुपारपासून सगळ्यांना खुले. पैठणीवाला असो, हिमरूवाला असो की तांड्यावरची बाई. खाजगी आयोजकांनीही एवढं करावं, अन् करायचं नसेल तर फलकावर 'हस्तकला दालन' लिहून मोठेपणा मिरवू नये.

कलाकाराच्या गाण्याला जरूर तिकीट लावा, त्याचं पोट त्यावर आहे. पण मावशीचं पोट येणाऱ्या-जाणाऱ्यावर आहे. त्याला गेटवरून परत पाठवू नका.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आधी एकदा तांड्यावर जाऊन एखादी पिशवी घ्या. तिथं तिकीट नाही.