चरखा तुमचा, कातडं आमचं



हाताचे धंदे वाचवा, खेडं वाचवा, हा उपदेश आपल्या वर्धा जिल्ह्यानं जितका ऐकला तितका क्वचितच कुणी ऐकला असेल. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं ठाणं वर्ध्याची मगनवाडी. चिटणीस कुमारप्पा, परदेशात शिकलेले अर्थशास्त्री. बैलघाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या. १९३८ ला मगन संग्रहालय उभं राहिलं. यंत्र माणसाचे हात रिकामे करतं, हे कुमारप्पांचं म्हणणं खोटं नव्हतं. रिकाम्या हाताची भूक आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही.

पण माझा सवाल एवढाच : हात कुणाचे?

या विचाराचं मूळ विलायतेत आहे. तिथं कारखान्यांनी कारागीर चिरडला, तेव्हा रस्किन चवताळून लिहू लागला. विल्यम मॉरिसनं १८६१ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि हातानं विणणं, रंगवणं, छापणं पुन्हा सुरू केलं. गांधींनी रस्किनचं पुस्तक १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आगगाडीत वाचलं, आणि त्यातून पुढं 'सर्वोदय' निघाला. मॉरिस पैसेवाल्या घरचा. मागावर बसला तो आवडीनं. उद्या कंटाळला असता तर उठला असता. त्याच्या गावात कुणी म्हटलं नसतं, तू विणकराच्या पोटचा, तुझी सावली नको.

हाच विचार बोटीनं इकडं आला आणि जातीच्या मांडीवर बसला. आनंद कुमारस्वामींनी १९०९ मध्ये हिंदी कारागिरावर पुस्तक लिहिलं, त्याला मॉरिसच्या पंथातल्या ॲशबीनं प्रस्तावना दिली. बापाचा धंदा मुलानं चालवायचा, हे त्या मंडळींना मोठं सुंदर वाटलं. आमच्या बापजाद्यांच्या गळ्यातला फास त्यांना लांबून हार दिसला!

१९३६ च्या जुलैत, शेगावला (पुढचं सेवाग्राम) राहत असताना, बाबासाहेबांच्या 'जातिनिर्मूलना'वर गांधींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं. म्हणाले, वर्ण म्हणजे वडिलोपार्जित धंद्यावर पोट भरणं. बाबासाहेबांनी उलट विचारलं, तुम्ही जन्मानं वाणी, तुमच्या हातात तराजू कधी दिसला? वाडवडील दिवाण, तुम्ही बॅरिस्टर, मग महात्मा. आजही या सवालाला उत्तर नाही.

वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय निघालं. मेलेल्या जनावराचंच कातडं, म्हणून ते अहिंसक. सवर्ण कार्यकर्त्यांनीही तिथं कातड्याला हात लावला. लावला, हे कबूल. पण त्यांनी हात धुतले की वास गेला. सेवा झाली, नाव झालं. आमचा वास पिढ्यान् पिढ्या गेला नाही, कारण तो कातड्याचा नव्हताच, तो जन्माचा होता. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं. ग्रामोद्योगाच्या हिशेबात तो कच्च्या मालाचा तोटा असेल. आपल्या हिशेबात तो पहिला नफा होता.

कुणी म्हणेल, मग गिरणीवाले तुमचे सोयरे काय? नाही बाप्पा. नागपूर-वऱ्हाडाकडं आपली माणसं जाडंभरडं कापड विणत. गिरण्यांनी तो धंदा खाल्ला. मग तीच माणसं गिरणीच्या दारात उभी राहिली. मुंबईत साचेखात्यात आपल्याला घेत नसत, कारण धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढावं लागे, आणि उष्टं सूत बाटतं! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे वेशीवर टांगलं. म्हणजे यंत्रानं जात मारली नाही. पण गिरणीत रोख पगार होता, युनियन होती, आणि पोराला शाळेत घालून तिथून बाहेर पडायला दार होतं. गावगाड्यात ते दार नव्हतं.

हे जुनं झालं म्हणता? १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्या वर्षपूर्तीला, २० सप्टेंबर २०२४ ला, पंतप्रधान खुद्द वर्ध्याला आले. अठरा धंदे : सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, टोपल्या-झाडू करणारे... कर्ज आहे, अवजारांना पैसे आहेत. ज्या भावाला गरज आहे त्यानं ते जरूर घ्यावेत, ते कुणाच्या बापाचे नाहीत. पण नियमात शब्द आहेत 'कौटुंबिक-पारंपरिक व्यवसाय', आणि वय अठरा. अठराव्या वर्षी पोरगं कॉलेजच्या पायरीवर असतं, तेव्हा त्याच्या हातात रापी द्यायची? तामिळनाडू सरकारनं २०२४ मध्ये हीच अट काढा म्हणून सांगितलं आणि योजना आहे तशी नाकारली. महाराष्ट्र, फुले-आंबेडकरांचा महाराष्ट्र, गप्प का?

माझं म्हणणं साधं आहे. जी कला सोडून जाता येते, तीच कला. जी सोडता येत नाही, ती वेठ. हस्तकला जगवायची आहे ना? जगवा. आधी धंद्याची जन्माशी असलेली गाठ कापा. चपला शिवण्याच्या वर्गात जोशी-देशमुखांची पोरं बसू द्या, आणि गटारात उतरायला यंत्र आणा. मग बोलू सौंदर्यावर.

तोवर गावोगाव हे विचारत फिरा : तुमच्या घरातलं कोण कातडं कमावणार आहे?

जयभीम.