दुसरी टाळू
टाळू म्हटली की आमच्या खारदांड्यात आजी तेलाची वाटी घेऊन बाळाजवळ बसते. मी म्हणतो ती टाळू तोंडातली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात इनामगावला उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची मुले तिथे घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली सापडली. टाळू मधल्या सांध्यात रुंदावते, दाढांना जागा देत मागे लांबते. मुलाचे वय दातांवरून कळते. मग मापे घेऊन वाढीचा आलेख काढायला हरकत कसली? माझी आहे. ही मापे बाळपणीच गेलेल्यांची. दुखण्याने किंवा उपासमारीने त्यांची वाढ आधीच खुंटलेली असेल. जी मुले त्यातून तगली, मोठी झाली, त्यांची बाळपणीची टाळू मातीत नाहीच.