पंचनाम्यात नसलेले दगड

सुरत शहरातील केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांची यादी उघडली, तर तीत कतारगाम दरवाजाबाहेरची इंग्रजांची जुनी थडगी आणि डच व आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या कबरी ठळकपणे आढळतात. शिवछत्रपतींच्या १६६४ च्या स्वारीत इंग्रजांची वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली याच शहरात मरण पावला आणि त्याच्या कबरीवर उभारलेली इमारत आजही राष्ट्राच्या खर्चाने राखली जाते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. शत्रूचीही कबर जपावी, हा संस्कार आपलाच आहे. तापीकाठच्या जुन्या किल्ल्याचा महानगरपालिकेने अलीकडच्या वर्षांत जीर्णोद्धार केला, त्याचेही आम्ही स्वागतच केले. आमचा प्रश्न वेगळा आहे. याच तापीच्या काठाने वर गेले की सोनगड, उच्छल, निझर हा मुलूख लागतो. तेथील गामीत, वसावा, चौधरी, कोकणी आणि भील समाजाने पूर्वजांच्या नावाने उभे केलेले दगड, वाघदेव-नागदेवांची ठाणी, कणसरी या धान्यदेवतेच्या जागा आणि पिढ्यान्‌पिढ्या धान्य भरडून खोलगट झालेल्या शिळा यांची यादी कोणत्या कचेरीत आहे?

पुष्कळांना हा प्रश्नच विनोदी वाटेल. ‘पाटे-वरवंटे कोणाच्या घरी नव्हते? त्यांचा कसला आला आहे वारसा?’ असे म्हणणारे आपल्या बैठकीतही आहेत. त्यांना आमची नम्र विनंती अशी की, त्यांनी आपल्याच घरातील संस्कार आठवून पाहावेत. बारशाच्या दिवशी कुंची घालून, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याखालून कोण फिरतो? वरवंटा. लग्नाच्या आधी सुपारी-हळकुंड बांधून ज्याची पूजा होते, ते कोण? जाते. विवाहहोमात अश्मारोहणाच्या वेळी वधूचे पाऊल ठेवतात ते कशावर? सहाणेवर किंवा पाट्यावर. नवजात बालकाच्या आधी दगडाला पाळण्याचा मान देणाऱ्या समाजाने दुसऱ्याच्या दगडाला ‘नुसता दगड’ म्हणणे शोभत नाही. आपला विठोबा विटेवर उभा आहे आणि आपला म्हसोबा शेंदूर फासलेली शिळाच आहे, हे आदिवासींच्या देवाकडे बोट दाखवताना आपण सोयीस्करपणे विसरतो.

भावनेची गोष्ट बाजूला ठेवून केवळ इतिहासाच्या अंगाने पाहिले, तरी दळण्याचा दगड हा राजवाड्याच्या दगडापेक्षा जुना आणि अधिक बोलका साक्षीदार आहे. उत्तर गुजरातेत लांघणज येथे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी उत्खनन केले. तेथे शिकार करणाऱ्या माणसांच्या सांगाड्यांबरोबर आणि सूक्ष्म गारगोट्यांच्या हत्यारांबरोबर दळण्या-वाटण्याच्या दगडांचे तुकडे मिळाले. पुण्याजवळच्या इनामगावात १९६८ पासून डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची घरे निघाली. घरांत चुली, कणग्यांच्या जागा आणि पाटे मिळाले, म्हणूनच त्या काळचा शेतकरी काय पिकवत होता व काय खात होता, हे आज आपण सांगू शकतो. गोल फिरणारे जाते फार नंतरचे. त्याआधीची हजारो वर्षे दोन्ही हातांनी दगडावर दगड पुढे-मागे घासण्यातच गेली. त्या घासण्याने पडलेला खळगा हा एका अर्थी शिलालेखच होय. त्यावर राजाचे नाव नाही, एवढाच काय तो फरक.

हा लेख आपल्या दारातही लिहिलेला आहे. सुरत जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या मालवण येथे (वाचकांनी सिंधुदुर्गातील मालवण समजू नये) भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण व केंब्रिज विद्यापीठ यांनी १९७० मध्ये उत्खनन केले आणि उत्तर हडप्पाकाळातील वस्ती उजेडात आणली. कामरेज तालुक्यातील जोखा व धातवा येथील पांढरीच्या टेकाडांवर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९६० च्या दशकात काम केले. तापीच्या वरच्या अंगाला, खानदेशात, तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. ब. कृ. थापर यांनी १९५४-५५ मध्ये तेथील टेकाड खणून ताम्रपाषाणयुगापासूनचे थर दाखवून दिले. सुरत आणि खानदेश यांना जोडणारी ही नदी ताप्ती व्हॅली रेल्वेच्या कितीतरी आधीपासून माणसांची ये-जा पाहत आली आहे. त्या वाटेवरचे पहिले प्रवासी आपण नव्हतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. १९७२ साली उकाईचे धरण पूर्ण झाले. सुरतेला पुरापासून आधार मिळाला, दक्षिण गुजरातेत ऊस उभा राहिला, वीज आली. या लाभाचे आपण सर्व वाटेकरी आहोत आणि धरण नको होते असे म्हणण्याचा दांभिकपणा आम्ही करणार नाही. परंतु त्या जलाशयाखाली शंभराहून अधिक गावे गेली. ती बहुतांशी आदिवासींची होती आणि पाण्याचा फुगवटा आजच्या नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पोहोचला. तेव्हा लागू असलेला भूसंपादन कायदा १८९४ चा होता. शासकीय सेवेत असताना त्या कायद्याखालचे पंचनामे आम्ही पुष्कळ वाचले आहेत. त्यांत जमिनीचा बाजारभाव असे, उभ्या पिकाची किंमत असे, विहीर, घर, आंबा, महुडा यांची मोजदाद असे. ज्या दगडापाशी सात पिढ्यांनी नवे धान्य वाहिले, त्याला मात्र रकाना नव्हता. ज्याचा मालक सात-बारावर नाही आणि ज्याचा भाव बाजारात नाही, ते त्या कायद्याच्या डोळ्यांना दिसतच नव्हते.

आणि हे अज्ञानाचे युग होते, असे म्हणण्याची सोय नाही. नागार्जुनसागराच्या पाण्याखाली जाणाऱ्या खोऱ्याचे उत्खनन १९५४ पासून सहा वर्षे चालले. तेथील बौद्ध अवशेष उचलून टेकडीवर पुन्हा रचण्यात आले आणि आज ती टेकडी जलाशयातील बेट झाली आहे. १९६० च्या दशकात ईजिप्तमधील अबू सिंबेलचे अख्खे मंदिर कापून उंचावर नेले, तेव्हा साऱ्या जगाने त्यासाठी पैसा दिला. नर्मदेवरच्या सरदार सरोवरात शूलपाणेश्वराचे मंदिर बुडणार, तर गोरा येथे ते नव्याने बांधले गेले. म्हणजे पाण्याखाली जाणारे पवित्र स्थान ओळखण्याची, हलवण्याची आणि पुन्हा प्रतिष्ठित करण्याची विद्या आपल्यापाशी होती. ती विद्या कोणासाठी वापरायची, एवढेच ठरायचे होते. ज्या देवाला शिखर होते तो वाचला. ज्याच्या माथ्यावर साग आणि आकाश होते, त्याला पुजाऱ्यानेच शक्य असेल तर खांद्यावर घालून न्यावे, अशी ती व्यवस्था होती.

योगायोग असा की, १९७२ हेच वर्ष दूरच्या ऑस्ट्रेलियातही महत्त्वाचे ठरले. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याने त्या वर्षी तेथील मूळ रहिवाशांच्या वारसास्थळांच्या रक्षणासाठी कायदा केला. पण त्याच कायद्यातील एका कलमाने मंत्र्याला अशी स्थळे मोडण्याची परवानगी देण्याचा अधिकार ठेवला. त्या आधारे मे २०२० मध्ये रिओ टिंटो या कंपनीने लोखंडाच्या खनिजासाठी जुकन घळीतील दोन शैलाश्रय सुरुंगाने उडवले. तेथे मानवी वावराच्या खुणा सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीच्या होत्या. पूर्वीच्या उत्खननात दळण्याचे दगड मिळाले होते, आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची केसांची वेणीही मिळाली होती. पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा हे तेथील मूळ लोक विरोध करीत होते. कागद मात्र पूर्ण होते! जगभर संताप उसळला, कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला पद सोडावे लागले, संसदेने चौकशी केली. नवा कायदा झाला आणि तो अमलात आल्यावर काही महिन्यांतच, २०२३ मध्ये, रद्दही झाला. त्याच खंडाच्या उत्तर भागात मजेडबेबे येथील शैलाश्रयात सापडलेले दळण्याचे दगड सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीचे असावेत, असे संशोधकांनी २०१७ मध्ये मांडले. ज्या हातांनी जगातले अतिप्राचीन दळण दळले, त्यांच्या वंशजांची आजची गत ही अशी आहे. तिथली कंपनी दुष्ट आणि इथला कारभार साधा, असे समाधान करून घेण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे दोष एकच आहे. ज्याचा वारसा, त्याला विचारायचे नाही!

आमच्या या लिखाणावर दोन आक्षेप येतील, त्यांची उत्तरे देऊन ठेवतो.

पहिला आक्षेप : कायद्यातच तरतूद नाही, तर अधिकारी काय करणार? हे खरे नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्याची व्याख्या काढून वाचावी. शंभर वर्षांहून जुनी गुहा, दफनस्थान, खडकावरील शिल्प, एकाश्म स्तंभ हे सर्व तीत बसते. गुजरात राज्याचा स्वतःचा असा कायदा १९६५ पासून आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले आहे. ओरिसातील नियमगिरी डोंगराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हाच धागा धरून निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. त्याच वर्षीच्या नव्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास करताना दफनभूमी व आदिवासींच्या पारंपरिक संस्थांच्या जागा पाहण्यास सांगितले. आमच्या गुजरातने २०१६ मध्ये दुरुस्ती करून अनेक प्रकारच्या प्रकल्पांना या अभ्यासातूनच सूट देण्याची वाट काढली, याचा खेद आम्ही एक माजी सेवक म्हणून येथे नोंदवतो. कायद्याची भाषा पुरेशी रुंद आहे. अरुंद आहे ती नजर.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे : आदिवासींचे ते आदिवासी पाहतील, आपण मराठी माणसांनी सुरतेत बसून यात का पडावे? वाचकहो, सोनगडचा किल्ला हे पिलाजीराव गायकवाडांचे गुजरातेतील आद्य ठाणे, असा अभिमान आपण बाळगतो. गायकवाडी अमलात नवसारी प्रांताचे सोनगड, व्यारा हे महाल आदिवासींचेच होते आणि तेथील कारभाराच्या दप्तरात मराठी लेखण्या चालल्या. त्या मुलखाचा सारा आपल्यापैकी कितीजणांच्या पूर्वजांनी मोजला, वसूल केला, मोडीत लिहिला! ज्यांच्या शेताची नोंद आपण ठेवली, त्यांच्या देवाची नोंद ठेवण्याचे ऋण आपल्यावर राहिले आहे. पिलाजीरावांच्या किल्ल्याची पायरी ढासळली की आपण अर्ज करतो. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या खांभीबद्दलही तोच अर्ज करता आला पाहिजे. तसे नसेल तर आपल्याला वारशाची चाड नाही, केवळ आपल्या नावाची आहे.

आणखी एक खटकणारी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. शहराबाहेरच्या फार्महाऊसांच्या हिरवळीवर आणि ‘गावरान’ जेवण देणाऱ्या हॉटेलांच्या दारात हल्ली जुनी जाती, उखळे, पाटे मांडलेले दिसतात. सुरतेत ज्याला घंटी म्हणतात ते जाते, खुंटा नसलेले, कुंडीखाली उपडे घातलेले! ते कोणत्या गावचे, कोणाच्या घरचे, कोणत्या पाथरवटाने त्याला टाकी लावली, हे मालकाला ठाऊक नसते. ज्या स्त्रीने त्यावर पहाटे चार वाजता दळले, तिचे नाव तर सोडूनच द्या. दगड घर सोडतो तेव्हा त्याची स्मृती मागे राहते आणि मग कोठेच राहत नाही. याउलट ज्यांनी स्मृती धरून ठेवली, त्यांचे काम पाहावे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्याही गाणाऱ्या स्त्रीच्या व तिच्या गावाच्या नावासह. आपल्या गुजरातेत तेजगढ येथे, कोरज डोंगरावरील प्राचीन चित्रांच्या सान्निध्यात, गणेश देवी यांच्या पुढाकाराने आदिवासी अकादमी उभी राहिली. तेथे आदिवासींच्या वस्तूंचा संग्रह आदिवासींच्याच सहभागाने मांडला गेला. दोन्ही कामे मराठीशी नाते असलेल्या माणसांच्या हातून झाली, हे आपल्या मंडळाने ध्यानी घ्यावे.

आम्ही निबंध लिहून थांबू इच्छित नाही. मंडळाच्या कार्यकारिणीपुढे पुढील गोष्टी ठेवतो. तापी, डांग आणि सुरत जिल्ह्यांतील अशा स्थळांची व शिळांची नोंद करण्याचे काम हाती घ्यावे. ग्रामसभेची संमती घेऊन, गावकऱ्यांनी सांगितलेल्या नावांनी आणि त्यांच्या बोलीतील शब्दांनी ती नोंद व्हावी. कोणतीही वस्तू जागेवरून उचलू नये. नोंदीची पहिली प्रत गावाला द्यावी, दुसरी जिल्हाधिकाऱ्यांकडे व राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे स्मारकनिश्चितीच्या मागणीसह पाठवावी, आणि मगच तिसरी आपल्या कपाटात ठेवावी. ज्या जागा परक्याला दाखवू नयेत असे गावाचे म्हणणे असेल, त्या नकाशावर आणू नयेत. आणि सभासदांपैकी ज्यांच्या अंगणात विकत आणलेले जाते आहे, त्यांनी ते कोठून आले याची एकदा चौकशी करावी.

आमच्या वयाच्या माणसांपाशी दोन गोष्टी मुबलक असतात : वेळ, आणि सरकारी कागद वाचण्याची सवय. या दोहोंचा याहून चांगला उपयोग आम्हाला तरी सुचत नाही. पाण्याखाली गेले ते परत येणार नाही. परंतु उद्याच्या रस्त्यासाठी, खाणीसाठी, कारखान्यासाठी जे पंचनामे लिहिले जातील, त्यांत एक रकाना वाढवून घेणे अजून आपल्या हातात आहे. येत्या वार्षिक सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. सभासदांनी त्याला अनुमोदन द्यावे. आणि ज्यांना तो अमान्य असेल, त्यांनी उभे राहून कारण सांगावे.