केसपेपरवर दुसरी वेळही लिहा

सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत केसपेपर निघतो तेव्हा त्यावर तारीख आणि वेळ पडते. शस्त्रक्रिया कधी सुरू झाली ते थिएटरच्या रजिस्टरमध्ये सापडते. या दोन वेळा एकमेकींशेजारी लिहिलेल्या मला कधी दिसल्या नाहीत. मी भूलतज्ज्ञ आहे. नोकरीची बहुतेक वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी रात्रपाळीच्या इमर्जन्सी करण्यात गेली. मधले तास माणसाचे काय करतात, हे मी टेबलाच्या डोक्याशी उभी राहून पाहिले आहे.

एका शेतमजुराची केस सांगते. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या तो कित्येक महिने घेत होता, तेही बहुतेकदा उपाशीपोटी. एका पहाटे पोटात एकाएकी असह्य कळ उठली. गावात अ‍ॅसिडिटीचे इंजेक्शन मिळाले. सकाळी दहाच्या सुमारास तो आमच्याकडे पोहोचला तेव्हा पोट फळीसारखे कडक झाले होते. छातीच्या खाली दुखते म्हणून आधी ईसीजी झाला. एक्स-रे दुसऱ्या इमारतीत. स्ट्रेचर मिळेना, आणि मिळाले तेव्हा ढकलायला मामा नव्हते. शेवटी भावानेच ढकलत नेले. फिल्मवर उजव्या बाजूला, यकृताच्या वर, हवेची काळी चंद्रकोर स्वच्छ दिसत होती. जठराला छिद्र पडल्याची ही खूण शिकाऊ डॉक्टरलाही ओळखता येते. पण फिल्म भावाच्या हातात आणि सर्जन ओपीडीत. त्यांनी पाहिल्यावर रक्ताची चिठ्ठी निघाली. रक्त आले तोवर थिएटरमध्ये सिझेरियन लागले होते.

रात्री नऊला तो माझ्यासमोर आला. जीभ कोरडीठाक, हात कोपरापर्यंत गार, नाडी एकशेचाळीस, लघवीच्या पिशवीत तळाला गडद पिवळे चार थेंब. सर्जननी छिद्र तासाभरात बंद केले, आणि ते काम उत्तम झाले होते. तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवर तो गेला. दाखल्यावर सेप्टिसीमिया लिहिले गेले. ते खरेच होते. दहा ते नऊ हे अकरा तास मात्र कोणत्याच कागदावर आले नाहीत.

छिद्र पडल्यावर सुरुवातीचे काही तास पोटात सांडलेले आम्ल दाह करत असते. मग जंतू वाढतात, विष रक्तात भिनते, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडे काम सोडतात. सकाळी ज्याने भूल सहज पेलली असती, त्याला रात्री भूल देणे हाच मोठा धोका होऊन बसतो. डेन्मार्कमध्ये अशाच, अल्सर फुटलेल्या 2,668 रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रुग्णालयात आल्यानंतर शस्त्रक्रियेला होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक तासागणिक जगण्याची शक्यता आधीच्या तासाच्या तुलनेत 2.4 टक्क्यांनी घटते. अकरा तासांचा हिशेब वाचकांनीच करावा.

थांबण्याचा प्रत्येक क्षण वाया जातो असे मी म्हणत नाही. सलाईन, प्रतिजैविके, ऑक्सिजन देऊन रुग्णाला भुलेसाठी तयार करावे लागते. तो वेळ उपचाराचा असतो. माझे म्हणणे आहे ते ज्या तासांत कोणी काहीच करत नाही त्यांच्याबद्दल. मनुष्यबळ कमी आहे, गर्दी अफाट आहे, हेही मला कोणी सांगायला नको. रात्री एक सर्जन, एक भूलतज्ज्ञ आणि एकच चालू थिएटर अशा स्थितीत मी काम केले आहे. पण स्ट्रेचरसाठी किती वेळ गेला आणि थिएटर रिकामे नाही म्हणून किती, हे वेगवेगळे लिहिलेच नाही, तर आणखी मामा मागायचे की आणखी भूलतज्ज्ञ, हे कोण ठरवणार? 2014 पासून महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका धावते. फोन कधी आला आणि गाडी कधी पोहोचली याची नोंद होते. त्याच रुग्णाने रुग्णालयाचे दार ओलांडले की मिनिटांचा हिशेब संपतो.

इंग्लंडमध्ये इमर्जन्सी विभागातून चार तासांत रुग्ण पुढे हलवण्याचे बंधन दोन दशकांपूर्वी आले. त्यात पळवाटाही निघाल्या. चौथा तास भरत आला की रुग्णांना घाईने बाहेर काढल्याचे आकड्यांतच दिसले. 2015 च्या जुलैनंतर तिथले 95 टक्क्यांचे उद्दिष्ट गाठलेही गेलेले नाही. मला महत्त्वाची वाटते ती तिथली दुसरी गोष्ट. 2013 च्या डिसेंबरपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये पोट उघडून केलेल्या प्रत्येक तातडीच्या मोठ्या शस्त्रक्रियेची नोंद राष्ट्रीय पातळीवर होते: रुग्ण कधी आला, निर्णय कधी झाला, थिएटरमध्ये कधी गेला, वाचला की नाही. आकडे रुग्णालयाच्या नावानिशी छापले जातात. सुरुवातीला शंभरातले अकरा-बारा रुग्ण महिन्याभरात दगावत. पाच-सहा वर्षांत ते प्रमाण साडेनऊच्या आसपास आले. सगळे श्रेय नोंदींना देता येणार नाही, पण कुठे अडते ते नोंदींशिवाय कळलेच नसते.

आपल्याकडे कायदाही याच बाजूने आहे. 1992 साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. त्या प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. वेळ झाली की टळली, हे नोंदीवाचून कोणत्या न्यायालयाला कळणार आहे?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. तातडीच्या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या नोंदीत चार वेळा एका ओळीत असाव्यात: रुग्ण आला, सर्जननी पाहिला, निर्णय झाला, चीर दिली. उशीर झाला असेल तर पुढे कारण, आणि महिन्याच्या मृत्यू-आढाव्यात ती ओळ मोठ्याने वाचली जावी. त्यातून कोणाला शिक्षा करू नये, नाहीतर वेळा खोट्या लिहिल्या जातील. नातेवाइकांनीही ‘सर्जननी पेशंट किती वाजता पाहिला’ एवढे शांतपणे विचारावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे. जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना माझी विनंती आहे: पुढच्या वर्षाची रजिस्टरे छापायला जाण्याआधी हे चार रकाने त्यात घाला.