जुनं कॉन्फिग, नवे प्रश्न

‘लिनक्सचा कर्नेल कंपाइल करायचाय ना, मग सगळं कोऱ्यापासून निवड.’ सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याला या आठवड्यात हा सल्ला मिळाला. जुना लॅपटॉप रात्रभर तापला आणि सकाळी सुरूच झाला नाही. डिस्कचा ड्रायव्हर निवडायचा राहून गेला होता. असले सल्ले देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

चालत्या मशीनच्या कर्नेलचं कॉन्फिग बहुधा बूट फोल्डरमध्ये आयतं असतं. हजारो पर्यायांचे निर्णय त्यात आधीच झालेले असतात. ती फाइल नव्या सोर्समध्ये ‘डॉट कॉन्फिग’ नावाने ठेवायची, एवढंच काम.

सोलापूरकरांना हे मागावरच्या जॅकार्ड यंत्रावरून चटकन कळावं. कुंभारीच्या रे नगरात यंत्रमाग कामगारांची घरं आहेत. तिथे कुणालाही विचारा. चादरीची नक्षी असते पुठ्ठ्याच्या कार्डांच्या माळेत. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. सूत बदललं, रंग बदलला, तरी त्याच नक्षीसाठी कुणी नवी माळ पाडत बसत नाही. मात्र धागे उचलणाऱ्या जास्त हुकांचं यंत्र आणलं, तर त्या जादा हुकांबद्दल जुनी कार्डं गप्प असतात. तिथे निर्णय कारागिरालाच घ्यावा लागतो.

कर्नेलचंही नेमकं तसंच आहे. ‘मेक ओल्डकॉन्फिग’ फक्त नवे पर्याय विचारतं. ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ काहीच न विचारता ठरलेली उत्तरं भरतं, आणि नव्या ड्रायव्हरचं ठरलेलं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. त्यातच एखाद्या पर्यायाचं नाव नव्या आवृत्तीत बदललं असेल, तर तुमचा जुना निर्णय गुपचूप गळून पडू शकतो. घाईत नुसतं एंटर दाबत गेलात, तरी हेच होतं.

हे मी पुन्हा पुन्हा लिहितो, कारण विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि कॉलेजांच्या लॅबमधली धडधाकट मशीनं भंगारात निघताहेत. त्यातली कित्येक लिनक्सवर आणखी काही वर्षं नक्की चालतील, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा मुलांनो, जुनं कॉन्फिग घ्या आणि नवे प्रश्न वाचून उत्तरं द्या. कंपाइलआधी ‘डिफकॉन्फिग’ने जुन्या-नव्यातला फरक पाहा. आणि नवा कर्नेल नीट चालेपर्यंत जुना काढू नका.