गारगोटीचा भाव

माझा राग घड्याळांवर नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा राग आहे तो घड्याळं डबीत कोंडून ठेवणाऱ्यांवर.

खामगावला आमच्या शाखेत, माझ्या शेजारच्या काउंटरवर असे एक गृहस्थ बसतात. त्यांच्याकडे जुनी जपानी क्वार्ट्झ घड्याळं आहेत, एकूण ३९. सेको, सिटिझन, कॅसिओ. सगळी बंद. गृहस्थ स्वतः मात्र रोज १५ मिनिटं उशिरा येतात. विचारलं तर म्हणतात, "वेळ पाहाले मोबाइल आहे नं बाप्पा! घड्याळ काय वेळ पाहासाठी असते?"

आता क्वार्ट्झ म्हणजे काय हो? मराठीत चक्क गारगोटी! आमच्याकडे ती नांगराला लागली तर शेतकरी बांधावर फेकून देतो. जपान्यांनी कारखान्यात वाढवलेल्या गारगोटीला विजेच्या गुदगुल्या केल्या. ती सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरते. हा आकडा १५ वेळा निम्मा करा, बरोबर १ उरतो आणि काटा एक घर पुढे सरकतो. आमच्या कॅशचा ताळा असा कधी जुळला नाही.

सेकोनं असलं पहिलं मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विकायला काढलं. तिची गारगोटी जरा संथ होती, पण किंमत साडेचार लाख येन. तेवढ्यात तिकडे छोटी मोटार येत होती. पुढच्या १०-१५ वर्षांत तीच करामत इतकी स्वस्त झाली, की शाळामास्तरच्या मनगटावर आली. माझ्या मते त्या घड्याळाचा खरा मोठेपणा हाच. श्रीमंताची अचूक वेळ गरिबाला मिळाली. आणि आमचे संग्राहक काय करतात? स्वस्त झालेली वस्तू पुन्हा 'दुर्मीळ' करतात! एचएमटीचंच पाहा. १९६१ साली सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं सुरू झाली, २०१६ मध्ये तो उद्योग बंद करायचं ठरलं, आणि लगेच चावीच्या जुन्या एचएमटीला भाव चढला. एका मॉडेलचं नाव तर 'जनता'. आता जनताही दुर्मीळ!

इतकं तावातावानं बोलायला माझं तोंड तरी कुठे स्वच्छ आहे? वडिलांचं सेको होतं. १९८४ साली मस्कतहून आलेल्या एका नातेवाइकाकडून घेतलेलं. त्यावर त्यांनी मेहकरच्या शाळेची घंटा वीस वर्षं वेळेवर वाजवून घेतली. ते गेल्यावर मी घड्याळ रेशमी रुमालात गुंडाळून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलं. आठवण म्हणून. चार वर्षांनी काढलं तर बंद. घड्याळजीनं मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं आणि म्हणाला, "सेल फुटला साहेब. सर्किट खाल्लं त्यानं. हातात असतं त बंद पडलं तवाच सेल बदलवला असता तुमी. जपून ठेवलं म्हणून मेलं."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर हे सांगितलं. शेजारी काही बोलले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र चक्क वेळेवर आले आणि एक डबी माझ्यापुढे सरकवली. आत त्याच जातीचं सेको. "काच फुटली आहे, पण मशीन चांगली आहे. काढून घ्या." मी पैशांचं विचारलं, तर माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी खोटी नोट दिली असावी.

वडिलांचं घड्याळ आता माझ्या हातावर चालतं. तेव्हा संग्राहकांवरचे माझे सगळे आरोप मी कायम ठेवतो. फक्त एक दुरुस्ती सुचवतो. जमवा, खुशाल जमवा! पण सेल टाका, हातात घाला, आणि कुणाचं अडलं तर डबी उघडा.

शेजारचे आता ३८ वर आले आहेत. उशीर मात्र अजून १५ मिनिटांचाच आहे. आता तो मी बाबांच्या घड्याळात मोजतो.