शिपायाला नांव नाहीं काय?

कूत-अल्-अमाराच्या वेढ्यावर जीं पुस्तकें झालीं, त्यांत जनरल टाउनशेंड पानोपानीं भेटतो. ज्यांच्या जिवावर तो लढला, ते शिपाई मात्र केवळ आंकड्यांत भेटतात. त्या आंकड्याविषयीं आम्हांला दोन शब्द लिहावयाचे आहेत.

सहाव्या पुणें डिव्हिजननें नोव्हेंबर १९१४ मध्यें फाओला उतरून बसरा घेतलें. तींत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. घाटावरचीं व कोंकणांतलीं शेतकऱ्यांचीं पोरें. पुढच्या नोव्हेंबरांत टेसिफोनच्या एकाच लढाईंत डिव्हिजनचे चार हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. उरलेली फौज कूतला हटली आणि तेथें वेढ्यांत सांपडली. जवळजवळ पांच महिने उपासमार झाली. तिला सोडविण्यास आलेल्या फौजेचेच सुमारें २३,००० लोक मेले वा जायबंदी झाले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० लोक तुर्कांच्या हातीं गेले. त्यांत भिस्ती, डोलीवाले, स्वयंपाकी असे बिनबंदुकीचे नोकर तीन हजारांवर होते.

जनरलसाहेब कॉन्स्टंटिनोपलजवळच्या बेटावर बंगल्यांत राहिले. कैदेंत असतांनाच ‘सर’ झाले. शिपायांची रवानगी वाळवंटांतून पायीं झाली. पुष्कळ वाटेंत पडले, पुष्कळ रास-अल्-ऐनला आगगाडीच्या रस्त्यावर खडी फोडतां फोडतां मेले.

१९२९ सालीं बसऱ्यास स्मारक झालें. त्यावर गोऱ्या साध्या शिपायाचेंही नांव कोरलें. हिंदी शिपायाच्या वांट्यास पलटणीचें नांव आणि पुढें संख्या आली. नांवें ठाऊक नव्हतीं, ही सबब चालणार नाहीं. फ्रान्समध्यें नव-शापेलच्या स्मारकावर १९२७ सालीं चार हजारांवर हिंदी नांवें कोरलींच कीं! आमच्या कोरेगांवच्या स्तंभावर तर शंभर वर्षें आधींच शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. म्हणजे दगड तोच, छिन्नी तीच. उणी होती ती इच्छा. युद्धस्मशानें सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ कमिशननें २०२१ सालीं हा भेदभाव कबूल करून माफी मागितली. पण माफीनें नांव उमटत नाहीं.

कोणी म्हणेल, ते परक्या सरकारच्या पगारासाठीं गेले, त्यांचें कौतुक कशाला? पगार टाउनशेंडही घेत होता. आम्ही कौतुक मागत नाहीं, नांव मागतों.

आम्ही मास्तर माणसें. हजेरीपटांत ‘पहिली इयत्ता, चाळीस मुलें’ एवढेंच लिहिलें, तर तपासणीचे साहेब आम्हांला उभें करतील. मग गांवच्या चावडीवरच्या दगडाला कोण जाब विचारणार? या गांवांतून महायुद्धावर इतके गेले, पैकीं इतके मेले, एवढेंच सांगणारे दगड आजही कितीएक गांवीं आहेत. बांधवांनो, साहेबांची वाट पाहूं नका. घरोघरच्या म्हाताऱ्यांना विचारा, पेटींतलीं पदकें काढा; त्यांच्या कडेवर शिपायाचें नांव व पलटण कोरलेली असते. तीं नांवें शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहा. ज्यांना अक्षर मिळालें नाहीं, त्यांचें नांव त्यांच्या पणतवंडांनीं तरी लिहावें.